जेटची ऊर्जा हरवली म्हणतात, पण मुळात ती होती किती?

निळी_पाटी
नमस्कार मंडळी. इंदूरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. सध्या जेट क्वेंचिंगबद्दल जमेल तेवढं वाचते आहे आणि दोन जागी अडले आहे.

समजलं ते आधी सांगते. शिशाची किंवा सोन्याची दोन अणुकेंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवली की क्षणभर प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून त्यांच्या आतल्या क्वार्कांचा आणि क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांचा रस्सा, म्हणजे क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा होतो. त्याचं तापमान सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीहून जास्त असतं. त्याच टकरीत अगदी सुरुवातीला कधीकधी दोन क्वार्क किंवा ग्लुऑन एकमेकांना जोरात धडकून विरुद्ध दिशांना सुटतात. बाहेर पडेपर्यंत त्या प्रत्येकाचा कणांचा झोत झालेला असतो, तो जेट. आणि प्लाझ्मातून जाताना जेटची ऊर्जा कमी होते.

आता प्रश्न. एक: ही ऊर्जा जाते कुठे? ऊर्जा नष्ट होत नाही हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. दोन, आणि हा मला जास्त छळतो: सुटताना त्या क्वार्ककडे किती ऊर्जा होती हे तर कुणीच पाहिलेलं नाही. डिटेक्टरला दिसतं ते सगळं संपल्यानंतरचं. मग 'गमावली' कशावरून म्हणायचं? तो जेट मुळातच कमी ऊर्जेचा असेल.

सूत्रं चालतील. हातचं राखून सांगू नका.

पोहे_जिलेबी
रविवारची सकाळ, समोर पोहे आणि असा धागा! आज दुपारपर्यंत जागचा हलत नाही. वाचतोय.

रंगपंचमी
ताई, पहिल्या प्रश्नाला आपलं इंदुरी उत्तर. रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगाच्या मिरवणुकीत) राजवाड्यासमोरून धावत पलीकडे जायचा प्रयत्न करा. दर पावलाला कुणाला तरी धक्का बसतो, तुमचा वेग कमी होतो आणि गर्दी तेवढीच हलते. ऊर्जा गर्दीला मिळाली, हिशेब पूर्ण.

सिमरोल_एक्सप्रेस
रंगपंचमी, धक्क्यांचा भाग बरोबर आहे आणि इतिहासातही तोच आधी आला. १९८२ मध्ये ब्योर्केन यांनी फर्मीलॅबच्या एका प्रीप्रिंटमध्ये हेच गणित मांडलं: प्लाझ्मातून जाणारा क्वार्क तिथल्या कणांना धडकत जाईल आणि ऊर्जा गमावेल. टक्कर प्लाझ्माच्या कडेला झाली तर एक जेट सहज बाहेर पडेल आणि दुसरा आतच जिरून जाईल, असं चित्रही त्यांनी तेव्हाच रंगवलं होतं. तो निबंध कुठल्याच नियतकालिकात छापून आला नाही, तरी आज या विषयातला जवळजवळ प्रत्येक शोधनिबंध त्याचा संदर्भ देतो.

पण हलक्या आणि वेगवान क्वार्कसाठी धक्क्यांनी जाणारी ऊर्जा हा लहान वाटा आहे. मोठा वाटा उत्सर्जनाचा. क्वार्कला बाजूने धक्का बसला की तो ग्लुऑन बाहेर टाकतो आणि ऊर्जा त्या ग्लुऑनबरोबर जाते. गेरमधला माणूस धक्का बसला म्हणून स्वतःतून दुसरा माणूस काढत नाही, म्हणून ती उपमा इथे थांबते.

मी याच विषयात पीएचडी करतोय, आमचा गट युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसी या टक्करयंत्रावरच्या अ‍ॅलिस प्रयोगात आहे. मॅडमच्या दुसऱ्या प्रश्नावर संध्याकाळी सविस्तर लिहितो. तो प्रश्न फार नेमका आहे.

निवृत्त_व्हॅक्यूमवाला
उत्सर्जनाचं नाव निघालं म्हणून बोलतो. माझी नोकरी कॅटमध्ये गेली (नाव बदलून राजा रामण्णा केंद्र झालं तरी गावात अजून कॅटच म्हणतात). आमच्या इंडस-२ या यंत्रात इलेक्ट्रॉन २.५ जीईव्ही (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट; टीईव्ही त्याच्या हजारपट, एमईव्ही हजारावा आणि केईव्ही दशलक्षावा भाग) ऊर्जेने १७२.५ मीटरच्या वर्तुळात फिरतात. चुंबकाने वळवलं की विद्युतभारित कण प्रकाश फेकतो. त्यात प्रत्येक इलेक्ट्रॉन दर फेरीला सुमारे ०.६ एमईव्ही गमावतो आणि आरएफ कॅव्हिटी ती ऊर्जा दर फेरीला भरून देते. भरणं थांबलं तर बीम टिकतच नाही. आम्ही त्याच प्रकाशावर प्रयोग करतो, म्हणजे आमच्याकडे ऊर्जा गमावणं हाच यंत्राचा उद्देश.

आता एलएचसीकडे बघा. तिथे प्रोटॉन ७ टीईव्हीला पोचला तरी फेरीला गमावतो जेमतेम ७ केईव्ही. ऊर्जा हजारो पटींनी जास्त आणि नुकसान शंभरावा हिस्सा. कारण प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड आहे, आणि ते वर्तुळही २७ किलोमीटरचं असल्यामुळे वळण फार सौम्य आहे. जड कणाला प्रकाश फेकणं जमत नाही. सिमरोल, जड क्वार्कचंही असंच होतं का?

सिमरोल_एक्सप्रेस
काका, अगदी असंच! चार्म आणि बॉटम क्वार्क जड आहेत. ते आपल्या दिशेच्या आसपासच्या एका अरुंद शंकूत ग्लुऑन फेकूच शकत नाहीत. त्याला डेड कोन म्हणतात. अ‍ॅलिसने २०२२ मध्ये प्रोटॉन-प्रोटॉन टकरींतल्या चार्मच्या जेटमध्ये तो थेट दाखवला. प्लाझ्मात त्याचा परिणाम असा, की मध्यम ऊर्जेला बॉटमपासून आलेले कण चार्मपासूनच्या कणांपेक्षा कमी दबलेले, म्हणजे संख्येने कमी घटलेले दिसतात.

उलट टोकाला ग्लुऑन. रंगभार म्हणजे विद्युतभारासारखाच, पण क्वार्क-ग्लुऑनांना बांधणाऱ्या बलाचा भार. त्याच्या गणितात ग्लुऑनचा गुणक ३ आणि क्वार्कचा ४/३, म्हणून साध्या गणिताने ग्लुऑन क्वार्कच्या सव्वादोन पट ऊर्जा गमावतो.

बारावी_ब
दादा, प्लाझ्मा दुप्पट जाड असेल तर नुकसान दुप्पट का? बोर्डाच्या परीक्षेत असा प्रश्न आला तर मी दुप्पटच लिहीन.

सिमरोल_एक्सप्रेस
धक्क्यांपुरतं दुप्पट. उत्सर्जनाचं गणित वेगळं आहे आणि मला या विषयातलं हेच सर्वांत आवडतं.

ग्लुऑन फेकला म्हणजे तो लगेच वेगळा झाला असं नाही. क्वार्कपासून सुटा व्हायला त्याला काही काळ लागतो. तेवढ्या काळात क्वार्कला एक नव्हे, अनेक धक्के बसून जातात. मग ते धक्के वेगवेगळे मोजता येत नाहीत. सगळे मिळून एकच उत्सर्जन घडवतात. विजेच्या भाराच्या बाबतीत लँडाऊ आणि पोमेरांचुक यांनी १९५३ मध्ये आणि मिग्दाल यांनी १९५६ मध्ये हे मांडलं. अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेतल्या प्रयोगाने १९९० च्या दशकात ते इलेक्ट्रॉनसाठी नीट मोजलं.

ग्लुऑनच्या बाबतीत भर अशी की फोटॉनला विद्युतभार नसतो, पण ग्लुऑनला स्वतःचा रंगभार असतो. म्हणजे सुटा होता होता तोही प्लाझ्माचे धक्के खातो, जितके जास्त खाईल तितका लवकर सुटतो. १९९० च्या दशकात पाच जणांच्या एका गटाने (बायर, डोक्शित्झर, म्युलर, पेन्ये, शिफ) याचा हिशेब पुरा केला. उत्तर आलं: स्थिर प्लाझ्मात नुकसान अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. जाडी दुप्पट, नुकसान चौपट. खऱ्या टकरीत प्लाझ्मा फुगत आणि विरळ होत जातो, म्हणून तो वर्ग बराच मवाळ होतो.

रंगपंचमी
चौपट! माझी गर्दी केव्हाच मागे पडली. भिया, लिहीत राहा.

मोजपट्टी
ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मी बडोद्याला असतो, पेशाने संख्याशास्त्रज्ञ. माझ्या मते या विषयाचं खरं कसब तिथेच आहे.

एकेका जेटबद्दल सुरुवातीला काहीच बोलता येत नाही, म्हणून पहिली पद्धत गर्दीची: तुलना. प्रोटॉन-प्रोटॉन टकरींत अमुक ऊर्जेचे किती कण येतात ते मोजा. शिशाच्या टकरीत अशा किती स्वतंत्र धडका होतात हे केंद्रकाच्या भूमितीवरून काढा. त्या संख्येने गुणून अपेक्षा मांडा आणि प्रत्यक्षाला तिने भागा. या गुणोत्तराला आर-एए म्हणतात. प्लाझ्माने काहीच केलं नाही तर ते १ यायला हवं. २००० मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवनचं रिक हे टक्करयंत्र सुरू झालं, आणि सोन्याच्या समोरासमोरच्या टकरींत हे उत्तर सुमारे ०.२ आलं. पाचात एकच कण उरला.

शंका घेणारे तेव्हाही होते आणि त्यांची शंका रास्त होती: प्लाझ्माचा यात संबंध नसेल, सोन्याच्या केंद्रकात टकरीआधीच ग्लुऑनांची संख्या कमी असेल. म्हणजे ताई म्हणतात तसं, जेट मुळातच कमी जन्मले असतील. त्यासाठी २००३ मध्ये ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) आणि सोनं यांची टक्कर घेतली. सोन्याचं केंद्रक तेच, पण मोठा प्लाझ्मा नाही. कण कमी झाले नाहीत आणि सोनं-सोन्यात गायब झालेला समोरचा जेट इथे जागेवर होता. रिकच्या चारही प्रयोगांनी एकाच उन्हाळ्यात हे सांगितलं.

तिसरी_घंटा
पाचात एक उरला म्हणजे ८० टक्के ऊर्जा गेली, असंच ना?

मोजपट्टी
नाही, आणि हे नीट बघण्यासारखं आहे. जास्त ऊर्जेचे कण फार झपाट्याने दुर्मीळ होत जातात. रिकच्या ऊर्जेला ही घट साधारण सातव्या घाताने होते असं धरा. आता प्रत्येक कणाची फक्त २० टक्के ऊर्जा काढून घ्या. म्हणजे आज १० जीईव्हीला दिसणारा कण मुळात १२.५ चा होता आणि १२.५ चे कण मुळातच फार कमी होते. गणित करा: ०.८ चा सहावा घात, ०.२६. ऊर्जा पाचवा हिस्सा गेली आणि कणांची संख्या चौथ्या हिश्श्यावर आली.

म्हणून आर-एए ०.२ असलं तरी ऊर्जेचं नुकसान पाचव्या हिश्श्याहून थोडंसंच जास्त असतं.

निळी_पाटी
हे उदाहरण सोमवारी वर्गात घेणार! सातवा घात आणि उत्तरात सहावा का, हे मुलांनाच शोधू देते. मोजपट्टी, मनापासून धन्यवाद.

पण माझं समाधान अजून अर्धंच आहे. ही सरासरी झाली. एखाद्या जेटची सुरुवातीची ऊर्जा कळण्याचा काहीच मार्ग नाही का?

माळवा_माहेर
मी पुण्यात असते, माहेर इंदूर, रामबाग. विषय डोक्यावरून जातोय तरी वाचणं सोडवत नाही. लेक एमएस्सी फिजिक्सला आहे, तिला धागा पाठवला. तिचं उत्तर आलं: 'आई, त्यांना फोटॉन विचारायला सांग.' ते इथे पोचवते.

सिमरोल_एक्सप्रेस
लेकीला शाबासकी द्या, उत्तर तेच आहे.

कधीकधी त्या पहिल्या धडकेत एका बाजूला क्वार्क आणि दुसऱ्या बाजूला फोटॉन सुटतो. फोटॉनला रंगभार नाही, प्लाझ्मा त्याला अडवत नाही. रिकवर फेनिक्स प्रयोगाने फोटॉनचं गुणोत्तर काढलं तेव्हा ते १ च्या आसपास आलं, जिथे कणांचं ०.२ येत होतं. म्हणजे फोटॉन जन्मतःची ऊर्जा जशीच्या तशी घेऊन बाहेर येतो, आणि संवेग जपला जातो म्हणून समोरच्या क्वार्कची सुरुवात आपल्याला कळते. मॅडम, तुम्ही मागितलेली नोंद ही.

एलएचसीवर सीएमएस प्रयोगाने २०१२ मध्ये ६० जीईव्हीपेक्षा जास्त संवेगाचे फोटॉन घेऊन समोरचा जेट मोजला. प्लाझ्मा नसता तर जेटला फोटॉनच्या सरासरी ०.८६ पट मिळालं असतं (पूर्ण १ नाही, कारण थोडं इकडेतिकडे नेहमीच फेकलं जातं). शिशाच्या समोरासमोरच्या टकरींत आलं ०.७३. शिवाय बऱ्याच फोटॉनांसमोर ३० जीईव्हीच्या वरचा जेट उरलाच नव्हता.

मोजपट्टी
शेवटचं वाक्य सोडू नका. ०.७३ ही सरासरी फक्त उरलेल्या जेटची आहे. ३० च्या खाली गेलेले मोजले गेले नाहीत, म्हणून खरं नुकसान यापेक्षा जास्त. जेट निवडून मग अभ्यास करणाऱ्या प्रत्येक निकालात हा धोका आहे: कमी मार खाल्लेलेच आपल्या जाळ्यात सापडतात. माझ्या मते जेटच्या आतल्या रचनेबद्दलचे अनेक दावे यामुळे जपून वाचायला हवेत.

सिमरोल_एक्सप्रेस
धोका खरा, पण इतकं हात आखडायला नको. फोटॉनवरून निवड केली की 'समोर जेट नाही' हाही एक मोजलेला निकाल ठरतो, तो हरवत नाही. फक्त जेटवरून निवडलेल्या अभ्यासांना तुमचा आक्षेप पूर्ण लागू आहे.

अडचण आणखी एक आहे. शिशाच्या समोरासमोरच्या टकरीत एलएचसीवर मधल्या पट्ट्यात हजारांच्या घरात कण येतात. ०.४ त्रिज्येचा शंकू कुठेही ठेवला तरी त्यात शंभर जीईव्हीच्या आसपास ऊर्जा आपोआप भरते, जिचा जेटशी काहीच संबंध नाही. ती वजा करून जेट काढायचा. आमच्या गटातल्या चर्चांचा निम्मा वेळ याच वजाबाकीत जातो.

तिसरी_घंटा
मनापासून विचारतो, राग नसावा. एवढा खटाटोप, एवढे देश, एवढा पैसा. इंदूरच्या माणसाला यातून काय मिळतं?

निवृत्त_व्हॅक्यूमवाला
राग कसला, हा प्रश्न मला घरातही विचारतात. एलएचसीची पंधरा मीटर लांब, तीसहून अधिक टन वजनाची चुंबकं ज्या जॅकवर उभी आहेत ते जॅक भारताने दिले, सात हजारांहून जास्त, आणि ते काम कॅटने सांभाळलं. एकेका चुंबकाखाली तीन. एवढं वजन मिलिमीटरच्या अंशाइतक्या अचूकतेने सरकवायचं असतं. ते करताना आमच्याकडच्या आणि बाहेरच्या कारखान्यांतल्या माणसांचा हात जो बसला, तो सर्नच्या कामापुरता राहिला नाही. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्यही आहे.

आणि पैशाचा हिशेब बाजूला ठेवला तरी, विश्वाच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत सगळं द्रव्य याच अवस्थेत होतं. ते कसं वागायचं हे आपल्या गावाजवळच्या सिमरोलला बसून एखादा मुलगा मोजतो आहे, याचा मला आनंद होतो.

पोहे_जिलेबी
काका, या प्रतिसादाला आमच्याकडून एक प्लेट जिलेबी. +१

तिसरी_घंटा
जॅकची माहिती नवी होती. काका, आभार. विज्ञान दिनाला कॅट लोकांना आत पाहू देतं तेव्हा मुलांना घेऊन येतो.

माळवा_माहेर
ताईंचा पहिला प्रश्न कुठेतरी राहून गेला. गेलेली ऊर्जा सापडली का?

सिमरोल_एक्सप्रेस
सापडली, आणि टप्प्याटप्प्याने.

नोव्हेंबर २०१० मध्ये एलएचसीवर शिशाच्या पहिल्या टकरी झाल्या. त्याच महिन्यात अ‍ॅटलसने दोन जेटमधला असमतोल दाखवला: एका बाजूला शंभराहून जास्त जीईव्हीचा जेट आणि समोर त्याचा निम्माशिम्मा जोडीदार. पाठोपाठ सीएमएसने त्या टकरींतले विद्युतभारित कण मोजून त्यांच्या संवेगाची बेरीज केली. एकूण संवेग जुळला. पण कमी पडलेला भाग जेटच्या शंकूत नव्हता. तो शंकूपासून बराच दूर, चार जीईव्हीपेक्षाही कमी ऊर्जेच्या असंख्य मंद कणांत पसरला होता. मॅडम, फळ्यावरचं वाक्य शाबूत आहे.

आता हे मंद कण कुठून आले? काही ग्लुऑनच्या साखळीतून: फेकलेला ग्लुऑन पुढे आणखी ग्लुऑन फेकतो, ते आणखी, आणि ऊर्जा झपाट्याने प्लाझ्माच्या तापमानापर्यंत खाली येते. काही खुद्द प्लाझ्मातून: जेट जाताना तो द्रव पुढे ओढला जातो आणि मागे थोडी तूट राहते. रंगपंचमी, तुमचा 'गर्दी तेवढीच हलते' हा भाग इथे कामी येतो!

ती मागची तूट पाहणं फार अवघड, कारण सहसा मागच्या बाजूला दुसरा जेट असतो आणि तो सगळं झाकतो. म्हणून फोटॉनऐवजी झेड बोसॉन हा जड कण घ्यायचा. त्यालाही रंगभार नाही, तो दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) होऊन निघून जातो आणि मागची बाजू मोकळी राहते. सीएमएसने २०२५ मध्ये याच पद्धतीने झेडच्या बाजूला मंद कणांची तूट असल्याचा पुरावा दिला.

निळी_पाटी
म्हणजे ऊर्जा हरवली नाही, मोठ्या नोटेची चिल्लर झाली आणि चिल्लर प्लाझ्मात मिसळली. आणि नोट किती रुपयांची होती ते फोटॉनने सांगितलं. मोजपट्टी, सिमरोल, दोन्ही प्रश्न सुटले.

बारावी_ब
शेवटचा प्रश्न. प्लाझ्मा किती लहान असला तरी जेट अडतो?

मोजपट्टी
आत्ता त्यावरच काम चाललं आहे. प्रोटॉन-शिशाच्या टकरींत प्लाझ्मासारखा प्रवाह दिसतो, पण जेटचं नुकसान दिसत नाही. हे दोन्ही एकत्र बसवणं जड जात होतं. म्हणून जुलै २०२५ मध्ये एलएचसीने ऑक्सिजनची ऑक्सिजनशी टक्कर घेतली. शिशात २०८ प्रोटॉन-न्यूट्रॉन, ऑक्सिजनमध्ये फक्त १६. त्यातही सीएमएसला कणांचं दबलेपण दिसलं. आर-एए सर्वांत खाली सुमारे ०.७ पर्यंत येतं. शिशाच्या मानाने सौम्य, पण १ पासून स्पष्ट दूर. त्यातला केंद्रकाच्या स्वतःच्या रचनेचा वाटा किती आणि प्लाझ्माचा किती, हे वेगळं करण्याचं काम पुढचं.

सिमरोल_एक्सप्रेस
त्याच दिवसांत निऑनच्याही टकरी घेतल्या. निऑनचं केंद्रक लांबट आहे आणि ऑक्सिजनपेक्षा थोडंच मोठं, म्हणून दोघांचं गुणोत्तर घेतलं की बऱ्याच अनिश्चितता एकमेकींना कापतात. बारावी_ब, परीक्षा झाली की मला व्यक्तिगत संदेश कर. अ‍ॅलिसची खुली विदा आहे, थोडं पायथन येत असेल तर आर-एए स्वतः काढून बघता येईल.